सूर्याची गोळी

काउंटरवर आलेली गोळ्यांची रिकामी पट्टी बबितानं ओळखली ती तिच्यावरच्या सूर्यावरून. निळ्या मार्करनं काढलेला सूर्य, वरची किरणं लांब, खालची आखूड. असा सूर्य अख्ख्या परभणीत दुसरं कोणी काढत नव्हतं. आधी तिला सूर्य दिसला, मग पट्टी धरलेला हात. तो असा थरथरत होता की चांदीच्या कागदाचा चुरचुर आवाज येत होता. बोटांच्या पेरांवर बोंडांची टोकं रुतून रुतून पडलेले काळे डाग होते. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी, बाहेर बसस्टँडमागच्या गल्लीत रिक्षावाल्यांचं भांडण चाललेलं, आणि बबिता मान वर करायला घाबरली. मान वर केली की चेहरा दिसणार होता, आणि त्या सूर्याकडे असा हक्कानं येणारा चेहरा जगात एकच होता. गीताबाई, तिची सख्खी आत्या. ऐन कापूसवेचणीच्या दिवसांत, पालमहून एसटीनं, एकटी. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, दर मिनिटाला जांभई, आणि अकराच्या उन्हात अंगावर शहारे.

"बबे, जय भीम घे माय," गीताबाई म्हणाली. "तुझी सूर्याची गोळी दे. वस्तीनं धाडलंय मला."

बबितानं गिऱ्हाइकांना कसंबसं वाटेला लावलं आणि आत्याला काउंटरच्या आत, खोक्यांच्या मधल्या स्टुलावर बसवलं. पाणी दिलं. पेला दातांवर वाजला, निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं. तुझी सूर्याची गोळी. हे शब्द असे जोडलेले तिनं आजपर्यंत कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते, आणि तरी ते तिला नवे वाटले नाहीत. दार वाजण्याची आपण किती दिवस वाट बघत होतो, आणि वाजू नये म्हणून किती दिवस श्वास धरून बसलो होतो, हे तिला त्या क्षणी कळलं. सुगत, तिचा नवरा, माल आणायला नांदेडला गेला होता. तो इथं नाही याचं तिला बरंही वाटलं आणि रागही आला.

सूर्य जुना होता, तिच्या दहावीच्या वर्षातला. त्या वर्षी गीताबाईला क्षय झाला होता. सरकारी दवाखान्यातून सकाळची आणि रात्रीची अशी दोन पाकिटं मिळायची, आणि गीताबाईला अक्षर म्हणून येत नव्हतं. दोन वेळा उलटसुलट गोळ्या घेऊन तिनं जीव धोक्यात घातला, तेव्हा बबितानं बॉलपेननं एकावर सूर्य काढून दिला आणि दुसऱ्यावर चंद्रकोर. पाकिटाच्या खालच्या बाजूला छापील मजकूर होता, जागा नव्हती, म्हणून खालची किरणं आखूड. आत्या वाचली. वस्तीत सांगत सुटली की डॉक्टरनं न्हाई, पोरीच्या सूर्यानं वाचवलं मला. त्या एका कौतुकावर बबिता बारावी झाली, औषधनिर्माणशास्त्राची पदविका झाली, लग्नानंतर नवऱ्यासोबत परभणीत मेडिकल टाकलं. दुकानात येणाऱ्या निरक्षर म्हाताऱ्यांना ती अजून तस्साच सूर्य काढून द्यायची. जागा असली तरी खालची किरणं आखूडच. हात तसाच वळलेला.

"कधीपासून नाही मिळाली गोळी?"

"तीन दिस झाले. मालकानं, म्हारुद्रनं बंद केली." गीताबाईनं पदरानं नाक पुसलं. "आमी मनलं, दिवस बुडायच्या आत घरी आनून सोडत जा. अंधारात लेंडी नदीच्या पाण्यातून उतरावं लागतंय, मागल्या हप्त्यात मनिषाचा पाय मुरगळला. एवढंच मनलं बघ. तर मनला, गोळी बंद. आता समदी वस्ती आडवी हाय. पोटात मुरडा, पायात कळा, डोळ्याला डोळा न्हाई. बाया मनल्या, गीताबाई, सूर्य तुमच्या भाचीचा हाय, तुमीच जा."

"माझा आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

गीताबाई हसली. त्या तशा अवस्थेतही ती हसली, आणि बबिताला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला कोन सांगाया पायजे? पैल्या दिशी टेम्पोत चढताना म्हारुद्रनं हातावर गोळी ठिवली, तवा बाया भीत व्हत्या. मनल्या, काय की बाई, काय देतेत. मी पट्टी बगितली आन् मनलं, घ्या गं बिनघोर. ही आमच्या बबीची खून हाय. हिनं मला मरनातून काढलंय."

बबितानं औषधांच्या कप्प्याकडे पाहिलं. दहा खोकी एकावर एक. प्रत्येक पट्टीवर सूर्य, तिनंच काढलेला, गेल्या आठवड्यात दुपारी बसून, रेडिओ ऐकत. महारुद्र नदीपलीकडच्या गावातला मोठा कास्तकार. दर शनिवारी जीप घेऊन यायचा, डॉक्टरची चिठ्ठी द्यायचा, बोलायला गोड. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला होता, मॅडम, वेचनीच्या बायांच्या कमरा धरतेत बिचाऱ्यांच्या, आपल्या गावच्या वतीनं मी देतो गोळी, फुकट. त्यान्ला वाचता येत न्हाई, सकाळी घ्यायची एवढं कळंल असं कायतरी काढून द्या. आणि तिनं मोठ्या मायेनं सूर्य काढून दिला होता. बघा, जगात चांगली माणसंही असतात, असं संध्याकाळी सुगतला सांगितलं होतं. गोळी साधी नव्हती, चिठ्ठीशिवाय देऊ नये अशा ताकदीची होती. पण चिठ्ठी होती. पहिल्या हंगामात दोन खोकी, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात सात, आता दहा. कापूस काही पाचपट वाढला नव्हता आणि बायाही वाढल्या नव्हत्या. वाढली होती ती एका बाईला एका दिवसाला लागणारी गोळी.

माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती, हेच तर जळत होतं. आदल्या दिवाळीच्याही आदल्या दिवाळीत महारुद्र आपल्या आईला, तानुबाईंना, गुडघ्याच्या डॉक्टरकडे दाखवायला घेऊन आला होता. म्हातारी जीपमधून उतरताना विव्हळत होती. बबितानं सहज त्याच पट्टीतल्या चार गोळ्या कापायला घेतल्या, तर त्यानं काउंटरवरून हात पुढं करून तिच्या हातातली कात्री धरली. "हां हां, मॅडम! घरच्यांना ही नगं. ही बायांची गोळी हाय. सवय लागती." आणि हसला. चोरून नाही, लाजून नाही, आपण काही वावगं बोललो याची पुसटशी जाणीवही नसलेलं ते हसू होतं. शेळीच्या चाऱ्याबद्दल कुणी बोलावं तसं. बबितानं म्हातारीला मलम दिलं, गुडघ्याचा पट्टा दिला, आणि मग, होय, मग त्याच हातानं त्याची पाच खोकी बांधून दिली. रात्री सुगतला सांगितलं तर तो जेवता जेवता म्हणाला, "चिठ्ठी आहे ना? मग झालं. डॉक्टर जाणे, तो जाणे, बायका जाणे. आपण औषध विकतो, लोकांच्या घरात शिरत नाही." बबिताला ते पटलं नव्हतं. पण ते सोयीचं होतं, आणि सोयीची गोष्ट पटायची गरज नसते.

शिवाय तिचं बाळकडूच ते. तिचे वडील सूर्यभान पालमच्या एका शाळेत लिपिक होते. त्यांच्या निरोपाच्या समारंभात तीन वक्ते बोलले आणि तिघंही एकच वाक्य बोलले, सूर्यभानबाबू म्हणजे कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. टाळ्या. शाल. नारळ. बबिताला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. आज खोक्यांमध्ये उभं राहून तिला त्या टाळ्या ऐकू आल्या आणि अंगाची लाही झाली. हे वाक्य नेहमी आमचंच कौतुक करायला कसं वापरतात? शाळेत वस्तीतल्याच पोरींना आवार झाडायला लावत, तेव्हा बाबा खाली मान घालून हजेरीपट भरत बसले, ते अध्यात ना मध्यात. आणि ज्यांनी झाडायला लावलं ते कुठं होते? ते तर मधोमध होते! पलीकडचं गाव आमच्या शिवारात, आमच्या कामाच्या तासांत, आता आमच्या बायकांच्या रक्तात शिरून बसलंय, त्याला कोणी लुडबूड म्हणत नाही. आम्ही तोंड उघडलं की ती मात्र लुडबूड. चांगुलपणाची ही व्याख्या कुणी ठरवली? आणि आपण ती इतकी वर्षं पदकासारखी छातीवर का मिरवली? तिला बाबांचा राग आला, सुगतचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या निळ्या मार्करचा आला. तो गल्ल्याशेजारी टोपण लावून साळसूदपणे पडला होता.

"देतीस ना गं?" गीताबाई म्हणाली. "म्हारुद्र मनतो, वस्तीतल्या बायांच्या हाडातच रोग हाय, पिढ्यापिढ्यांचा. गोळी हाय मनून उभ्या ऱ्हाता, न्हाई तर कवाच मेल्या असत्या. खरंच हाय की. तीन दिस गोळी न्हाई तर बघ, मढी झालीत समदी."

हाडातच. बबिताची आजी सांगायची, छप्पन साली दीक्षा घेऊन आलो आणि घरातले देव टोपलीत घालून नदीला सोडले. टोपलीबरोबर एक गोष्टही सोडली, की आपल्या हाडामासात काही वाईट आहे. आजी निरक्षर होती, पण हे वाक्य पाठ असल्यासारखं बोलायची. आणि आज तिची सून नव्हे, नात नव्हे, सख्खी लेक परभणीत स्टुलावर बसून सांगत होती की हाडातच आहे. तेच जुनं वाक्य, नव्या पट्टीत बांधून, वर नातीचा सूर्य काढून, सकाळी सकाळी हातावर ठेवलेलं. बबिताच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

गोळी द्यावी? दिली तर आत्याचं थरथरणं अर्ध्या तासात थांबेल, वस्ती उठून बसेल, महारुद्रची नाकेबंदी मोडेल. आणि पुढच्या हंगामात महारुद्रच्या जागी बबिता असेल. न द्यावी? मग उद्या सकाळी साऱ्या बाया आपल्या पायांनी त्याच्या टेम्पोत जाऊन बसतील, आणि दिवस बुडायच्या आत हे शब्द पुन्हा कुणाच्या तोंडून निघणार नाहीत. ती काही न करता उभी राहिली तरी ते महारुद्रच्याच बाजूनं उभं राहणं होतं. मधे न पडणं अशी काही जागाच उरली नव्हती. ती होती असं आपल्याला इतके दिवस कसं वाटलं, याचंच तिला नवल वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. महारुद्र. बबितानं नाव पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि मनात काही ठरायच्या आधीच तिच्या अंगठ्यानं स्पीकरचं बटण दाबलं.

"नमस्कार मॅडम. एक काम व्हतं. वस्तीतलं कोनी आलं गोळीला तर देऊ नका बरं का. अजून दोन दिस."

"का हो, महारुद्रभाऊ? फार त्रास होत असेल त्यांना."

"व्हऊ द्या की. त्रास व्हतो मनून तर टायमावर येतेत." पलीकडून हसू आलं, तेच कात्री धरतानाचं. "गोळी सुटली की अंग मोडून पडतंय त्यांचं, मला ठावं हाय. दोन दिसांत गुडघ्यावर येतेत बगा. दिवस बुडायच्या आत सोडा मनतेत! उद्या मनतील, जीपमधून न्या."

"त्या तर म्हणतात, हाडातला रोग आहे."

"मनू द्या. कायतरी सांगावं लागतंय ना अडान्यांना. आवो मॅडम, तुमी दुकानापुरतं बगा. गावच्या भानगडीत पडू नका. आमी कवा तुमच्या वस्तीत पडलो का? तुमी तुमचे सूर्य काढा."

फोन बंद झाला. गल्लीतलं भांडणही मिटलं असावं, बाहेर शांत होतं. गीताबाईनं जांभई दिली नाही. डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही. ती हातातल्या रिकाम्या पट्टीकडे बघत राहिली.

"हाडात न्हाई?" तिनं विचारलं.

"नाही, आत्या. तुला काही रोग नाही. ही गोळी अंगाला लागते, मग ती मिळाली नाही की हे असं होतं. गोळीच रोग आहे."

"मंग त्याला ठावं व्हतं."

"हो."

गीताबाईनं मान वर केली. "आन् तुला कवापासून ठावं व्हतं?"

हाच प्रश्न येणार होता. बबितानं दोन वर्षं त्याची उत्तरं तयार ठेवली होती, चिठ्ठी होती, डॉक्टर जबाबदार, मी नाही दिली तर दुसरं मेडिकल देतं. ती सगळी उत्तरं सुगतच्या आवाजात होती. तिच्या स्वतःच्या आवाजात एकच उत्तर होतं.

"गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीपासून."

गीताबाईनं हातातली रिकामी पट्टी काउंटरवर ठेवली. शिव्या देईल, रडेल, थोबाडीत मारेल, यातलं काहीही बबितानं आनंदानं सोसलं असतं. क्षयातून उठल्यावर तिनं पहिल्यांदा बबितासाठी भाकरी थापली होती, तेव्हा असाच पीठ लागलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला होता. तोच हात आता मांडीवर नाचत होता आणि तिला तो आवरत नव्हता. मग ती काउंटर धरून उठली.

"चल."

"कुठं?"

"वस्तीत. मी सांगून कोन ऐकतंय? मनतील, म्हातारीला गोळी मिळाली न्हाई मनून कायबी बरळायली. सूर्य तू काढलास. तूच सांग."

बबितानं भर दुपारी शटर खाली ओढलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. खोकी कप्प्यातच राहू दिली, एकही बरोबर घेतलं नाही. एसटीत आत्याला खिडकीशी बसवलं, स्वतःची शाल तिच्या अंगावर टाकली. आत्यानं ती ढकलली नाही आणि गुंडाळूनही घेतली नाही. सुगतचे चार फोन आले. पाचवा तिनं घेतला आणि म्हणाली, "दुकान बंद आहे. मी मधे पडले आहे." तो काहीतरी ओरडत होता. मग तिनं पालमच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मंजुषांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "एकदम तोडता येत नाही, आमच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागेल. उद्या दहाला पथक घेऊन येते. तोवर कुणाला जास्त झालं तर लगेच कळवा, गाडी पाठवते." उद्या दहाला. महारुद्रचा टेम्पो पहाटे सहाला यायचा. मधे चार तास होते. चार तास एवढे मोठे असू शकतात याचा आपण कधी विचारच केला नव्हता, असं तिला खिडकीतून पळणाऱ्या पांढऱ्या शिवाराकडे बघताना वाटलं. झाडांवर कापूस लोंबत होता, वेचायचा राहिलेला. त्या पांढऱ्याचा तिला लहानपणी किती लळा होता.

वस्तीत पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. विहारासमोरच्या ओट्यावर आणि भोवती तीसेक बाया होत्या. कुणी भिंतीला टेकलेल्या, कुणी पोट धरून वाकलेल्या, कुणी नुसत्याच लवंडलेल्या. बबिताला बघून सगळ्या हलल्या. तिनं ओळखलेले हात, न ओळखलेले हात, सगळे तळवे वर करून पुढं आले. सकाळी टेम्पोत चढताना असेच येत असणार.

"ऐका गं हिचं," गीताबाई म्हणाली. "सूर्य हिनंच काढलाय."

वीस वर्षांत बबिता परभणीची शुद्ध भाषा बोलायला शिकली होती. ती आता तोंडात आलीच नाही.

"बायांनो, ह्यो रोग तुमच्या हाडात न्हाई. तुमच्यात कुनाच्याच हाडात कवाच नव्हता. ती गोळीच तुमाला पाडती आन् तीच उठवती. म्हारुद्रला ठावं हाय. त्याच्या आईला तो ती गोळी देऊ देत न्हाई. मला बी ठावं व्हतं. दोन वर्सं ठावं व्हतं आन् मी खून काढून देत ऱ्हायले."

एक लहान पोर रडत होतं, त्याला कुणी उचललं नाही. मग ओट्याच्या कडेला बसलेल्या लक्ष्मीबाईनं, तिचं सगळं अंग काकडत होतं, पुढं केलेला हात तसाच ठेवून विचारलं,

"समदं खरं हाय बाई. पर गोळी आनली का न्हाई?"

"न्हाई आनली."

"मंग सकाळी टेम्पोत बसावं लागंल."

राग तिच्या आवाजात नव्हता. तो असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. बबिताला महारुद्रचा गळा धरावासा वाटला, डॉक्टरचा, टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्यांचा, आणि हाताशी होता तो फक्त स्वतःचा गळा. ती म्हणाली, "दहाला डॉक्टर येनार हायत. टेम्पो सहाला येतो. त्या टेम्पोपुढं मी उभी ऱ्हाते. चढायचं असंल तर माज्या अंगावरून चढा."

लक्ष्मीबाईनं तिच्याकडे बघितलं. डोळ्यांतून धार लागली होती, ती रडण्याची होती की दुखण्याची, सांगता आलं नसतं. मग तिनं पुढं केलेला हात मागं घेतला आणि ओट्यावर थोडी सरकली.

"मंग बस हितंच," ती म्हणाली. "ह्या दुखन्यात रात लय मोठी ऱ्हाती."

बबिता त्यांच्या मधोमध बसली. एका बाजूनं लक्ष्मीबाईनं तिचा हात धरला. दुसऱ्या बाजूला गीताबाई बराच वेळ नुसतीच बसून राहिली, आणि मग तिनंही धरला. दोघींचे हात इतके थरथरत होते की बबिताचेही थरथरू लागले.